पेटीकडे जाणारी रांग

सुभेदारीणकाकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी जमिनीकडे बघत. यजमानीण दारात "या ना, बसा ना" करत उभी, आणि काकूंची मान खाली. नव्या माणसाला वाटे, काय लाजाळू बाई आहे. लाजेचा काही संबंध नव्हता. तेवढ्या वेळात त्यांची नजर फरशीच्या सांध्यांवरून, उंबऱ्याच्या कडेने, थेट सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलेली असे. मग पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी त्या निकाल देत, "तुझ्या देवघरात गूळ सांडलाय. परवापासून."

आणि तो सांडलेला असे. परवापासूनच.

लग्न होऊन मी अकोल्याहून लखनौला आले, विकास नगरात वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. आमचे हे वायुसेनेत, सकाळी जे जात ते संध्याकाळी येत, आणि दिवसभर घरात मी आणि मुंग्या. लखनौची मंडळी फार अदबशीर असं बाहेर बोललं जातं. असतीलही. पण ते बोलणाऱ्यांनी आमचा साखरेचा डबा बघितलेला नाही. पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी झाकण उघडलं तर आत साखर शोधावी लागली. मी सांगते त्यातलं निम्मं वगळायचं अशी माझ्या माहेरची पद्धत आहे. तसं वगळलंत तरी त्या डब्यात चहापुरत्या साखरेत दोन हजार मुंग्या उरतात.

मी आपली एका हाती ओलं फडकं आणि दुसऱ्या हाती फवारा घेऊन ओट्यावर लढत होते. फवाऱ्याचा वास जिन्यातून खाली गेला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. सातारा जिल्ह्यातल्या. पाच फुटांच्या आत उंची, नऊवारीचा काष्टा घट्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ओळखपाळख काही नाही.

"कुठून येतायत?" त्यांनी विचारलं.

"साखरेच्या डब्यात जातायत," मी म्हटलं.

"कुठे जातायत ते सगळ्यांना दिसतंय. मी विचारलं, कुठून येतायत."

ते मला माहीत नव्हतं. काकू पदर खोचून ओट्यासमोर मांडी घालून बसल्या, आणि रांगेचा उलट्या दिशेने माग काढू लागल्या. ओट्याखालून भिंत, भिंतीवरून पाइप, पाइपावरून खिडकी. मध्ये मी दोनदा चहा केला. साखरेशिवाय. शेवटी खिडकीच्या गजाला टेकलेली मधुमालतीची एक फांदी त्यांनी कात्रीने कापली, बोटभर फांदी, आणि ती माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हा पूल होता. उडवला." मग पाण्यात व्हिनेगर घालून रांगेची सगळी वाट पुसून घेतली, कारण मुंगी डोळ्यांनी नाही, वासाने चालते, वास पुसला की तिचा पत्ताच हरवतो. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा ओटा इतका रिकामा होता की त्यांनी विचारलं, घर बदललंस का.

त्या दिवसापासून मी काकूंची शिष्या झाले. त्यांनी माझं नाव कधीच उच्चारलं नाही. फौजेत जशी गावावरून हाक मारतात तशी मी त्यांच्या तोंडी 'अकोला'. "ए अकोला, भेगा बुजवल्यास का?" अशी जिन्यातून हाक आली की मी हातातलं लाटणं टाकून हजर. गंमत अशी की अठ्ठावीस वर्षं सैन्यात काढली ती सुभेदारकाकांनी, पण त्यांच्या तोंडून मोर्चा, तुकडी, सरहद्द असला एक शब्द कुणी ऐकला नसेल. काका पांढऱ्याशुभ्र मिशांआड गप्प बसत. सगळी लढाईची भाषा काकूंकडे. आमची वरची खोली म्हणजे त्यांची 'उत्तर सरहद्द'. जानेवारीत लखनौच्या धुक्यात मुंग्या गायब झाल्या की त्या म्हणत, "ॲन्युअल लीव्हवर गेल्यात. होळीला रिपोर्ट करतील." आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी, गुजियांच्या, म्हणजे तिकडच्या खव्याच्या करंज्यांच्या, वासावर पलटण हजर.

काकूंच्या घरात ज्याला म्हणून पाय होते त्या प्रत्येक वस्तूचे पाय पाण्यात होते. जाळीचं कपाट, फ्रीज, जेवणाचं टेबल. चारही पायांखाली वाट्या, वाट्यांत पाणी, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब का, तर नुसत्या पाण्यावर धूळ बसून साय धरते, "आणि मग मुंगीला ती हजरतगंजची सडक. फिरायला निघाल्यासारखी जाते." गावाहून एकदा त्यांचे थोरले दीर आले होते. त्यांची खाटही वाट्यांत उभी केली, कारण त्यांना पानात गुलकंद लागे. दुपारी झोपून उठल्यावर त्यांनी पाय खाली सोडला तो थेट वाटीत. त्यांना वाटलं गोमती नदी घरात आली. ही गोष्ट मी जिथे सांगते तिथे पाणी थोडं वाढतं, पण वाटी खरी आहे.

एकदा घरमालकाने पेस्ट कंट्रोलवाला पाठवला. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं, ऐटीत शिरला. काकूंनी त्याला दारातच थांबवलं.

"भैया, पहले ये बताओ, घर कहाँ है इनका?"

"किनका, आंटी?"

"चींटियों का. मारने आये हो ना? पता तो होगा."

तो म्हणाला, पता कशाला, सगळीकडे मारून देतो. काकूंनी त्याला हाताला धरून घराभोवती फिरवलं. गटाराच्या झाकणाखालचं एक, कुंडीखालचं एक, जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या फटीतलं एक, अशी तीन वारुळं दाखवली, आणि कोण काळ्या, कोण लाल, कोण नुसत्या पावसाळी पाहुण्या ते समजावलं. अर्ध्या तासाने मी खाली डोकावले तर तो टाकी बाजूला ठेवून पायरीवर बसला होता आणि मोबाइलमध्ये टिपून घेत होता. जाताना पाया पडला. पुढे म्हणे महानगर नावाच्या शेजारच्या वस्तीत त्याचा धंदा जोरात चालला, आणि प्रत्येक घरात तो आधी विचारतो, "पता बताइए." म्हणे हा शब्द माझा, बाकी सगळं जसं घडलं तसं.

विषाच्या मात्र काकू पक्क्या विरोधात. दयेपोटी वगैरे नव्हे. "मेलेल्या मुंगीचा काय उपयोग? तिच्या जागी नवी येणार, तिला काही ठाऊक नसणार. त्यापेक्षा जुनी, शहाणी मुंगी हाकलून द्यावी. ती जाऊन चार जणींना सांगते, त्या बाईकडे काही मिळत नाही." साखरेत लवंग, डाळीत तमालपत्र, फटींना व्हाइट सिमेंट, उंबऱ्याला हळदीची रेघ, खरकटी भांडी लगेच पाण्याखाली. आणि सगळ्यांवर एक कलम, ते माझ्याकडून घोकून घेतलं होतं: मुंगी कुठे जाते ते बघू नकोस, कुठून येते ते बघ.

आता काकांविषयी. काकांना साखर होती. म्हणजे डब्यात नव्हती, रक्तात होती. काकूंच्या घरात गोड म्हणून काही मिळत नसे. गूळसुद्धा पुरणापुरता आणून उरलेला माझ्याकडे वर यायचा. काका बापडे निमूट जेवत. फक्त एक कोडं त्यांना अनेक वर्षं सुटलं नव्हतं, आणि ते त्यांनी एकदा मला जिन्यात हळूच विचारलं, "अकोला, तुला काही समजतं का बघ. हिची कारल्याची भाजी कुठल्या हिशेबाने होते? कधी आठवडाभर नाव नाही. कधी लागोपाठ चार दिवस. बाजारभावाशीही जुळत नाही, मी बघितलंय." कारल्याच्या दिवशी भातही बंद व्हायचा, आणि संध्याकाळी काकू त्यांना चालायला धाडायच्या, पार निशातगंजपर्यंत. मी म्हटलं, काकूंची लहर. काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं.

मग चैत्र आला. लखनौतल्या आम्हा मराठी बायकांचं चैत्रातलं हळदीकुंकू दरवर्षी एकेकीकडे असतं, आणि त्या वर्षी पाळी काकूंची होती. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. छावणीतल्या, महानगरातल्या, आमच्या सेक्टरातल्या मिळून तीसेक बायका. त्यातल्या निम्म्या डाळ खायला येणार होत्या आणि निम्म्या एक मुंगी शोधायला. काकूंनी गेली कित्येक वर्षं प्रत्येकीच्या घरात मान खाली घालून निकाल दिले होते; आज तीस माना खाली जाणार होत्या.

काकू गजरे आणायला गेल्या आणि मी आतल्या खोलीत सतरंज्या काढायला शिरले. काका खुर्चीत पेपर वाचत होते. कोपऱ्यात त्यांची फौजेतली काळी लोखंडी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आणि भिंतीच्या तळाशी, स्कर्टिंगच्या एका फटीतून निघून, पेटीच्या मागच्या बिजागरीपर्यंत एक रांग. ठसठशीत. जाणारी आणि येणारी.

सुभेदारीणकाकूंच्या घरात मुंग्या. बायका तासाभरात येणार. हे लखनौभर होणार, तिथून साताऱ्याला जाणार. मी शिष्या, गुरूची लाज मला राखायला हवी होती. जसं शिकवलं होतं तसं मी रांगेचं टोक सोडून मूळ धरलं. व्हिनेगरचं फडकं फिरवलं, वाट पुसली, फट शोधली.

"काका, व्हाइट सिमेंट कुठे असतं?"

इतक्या चपळाईने खुर्चीतून उठताना मी काकांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबा आणला, वाटीत सिमेंट कालवलं, टॉर्च धरला, आणि मी चमच्याच्या मागच्या बाजूने फट बुजवत असताना वरून सांगत राहिले, "इथे अजून थोडं. हां, तिथेही दाब. फार छान काम करतेस पोरी." शेवटी ओल्या सिमेंटवर बोटाने धूळ फासून फट होती तशी दिसेल असं केलं आणि मिशांतल्या मिशांत म्हणाले, "काकूला सांगू नकोस हं. उगाच तिला वाईट वाटेल."

मला काकांच्या मनाचा मोठेपणा इतका भावला की माझे डोळे भरून आले. मी कुणालाही बोलले नाही. हळदीकुंकू दणक्यात झालं. तीस माना खाली गेल्या आणि रिकाम्या वर आल्या. समोरच्या शुक्लाभाभी म्हणाल्या, "आंटीजी, आपके यहाँ तो चींटी भी परमिशन लेकर आती होगी." काकू नुसत्या हसल्या. मी मनात म्हटलं, गुरुदक्षिणा पोचली.

पुढचे दिवस खालच्या घरात आनंदाचे होते. कारलं बंद झालं. भात आला. एका रविवारी काकूंनी काकांना आपण होऊन वाटीच्या तळाला लागेल इतकं श्रीखंड दिलं, आणि ते देताना त्यांचा चेहरा असा होता की जणू काकांना पदक लावतायत. मला जिन्यात म्हणाल्या, "सुधारले गं आमचे हे. शेवटी सुधारले." कशावरून ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी बागेतून फिरून येताना, काका फाटकाशी कोसळले.

इस्पितळात डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला. मी एरवी आकडे वाढवून सांगते. त्या आकड्याला मी हात लावलेला नाही, लावायची गरज नव्हती. काका आत पडलेले, नळ्या लावलेल्या, मिशा एकदम लहान दिसत होत्या. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना जमिनीकडे न बघताना बघत होते. समोरच्या भिंतीकडे बघत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"मुंग्या नव्हत्या गं. एकही नव्हती. मी रोज बघत होते."

"कुठे काकू?"

"पेटीपाशी."

मी सगळं सांगितलं. सतरंज्या, रांग, व्हिनेगर, सिमेंट, काकांनी धरलेला टॉर्च. काकू ऐकत राहिल्या. मला वाटलं आता ही बाई मला या बाकावरून उठवणार, आणि उठवलं असतं तर मी गेले असते.

"सिमेंट दाबून भरलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाट दोनदा पुसलीस?"

"तीनदा."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "चूक माझी. तुला मी अर्धंच शिकवलं."

उरलेलं अर्धं त्यांनी मला त्या बाकावर शिकवलं. काका पेटीत रेवड्या लपवतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साऱ्या घरातल्या फटी बुजवताना ती एक त्यांनी मुद्दाम ठेवली होती. रांग विरळ असली तर काकांनी एखादी रेवडी खाल्ली. दाट असली तर पुडा फोडला. आणि मुंग्या तोंडात पांढरे तीळ घेऊन परतताना दिसल्या तर पुडा संपत आला. त्या मापाने भात, त्या मापाने कारलं, त्या मापाने निशातगंज. महिन्याच्या महिन्याला रक्ताची तपासणी ठीक येत होती ती त्या रांगेच्या जोरावर. मुंग्या त्यांच्या शत्रू होत्या हा सगळ्या लखनौचा गैरसमज होता. सातजणी हाकलून आठवीला त्यांनी नोकरीला ठेवलं होतं.

"पण काकू, सरळ पेटी उघडून ते फेकून का नाही दिलंत?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी चप्पल घालून देवघरात शिरले.

"अठ्ठावीस वर्षं त्या पेटीची तपासणी झालीय. सगळ्यांसमोर. झाकण उघडून, कपडे उलगडून, घरून आलेलं पत्रसुद्धा बाहेर काढून. ज्या दिवशी रिटायर झाले त्या दिवशी मला म्हणाले, आता ही कुणी उघडणार नाही. मी म्हटलं, नाही उघडणार." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "दिलेला शब्द काय त्या रेवड्यांसाठी मोडू?"

चार दिवसांनी काकांना घरी आणलं. ते पुढच्या खोलीत झोपले, आणि आतल्या खोलीत आम्ही दोघी कामाला लागलो. मी पेचकस घेऊन पालथी पडले आणि माझ्याच हाताने घातलेलं सिमेंट कोरून काढलं. फार छान काम केलं होतं मी, निघता निघेना. फट मोकळी झाली, पण मुंग्या कुठे? वाट मी तीनदा पुसलेली. मग काकूंनी बोटावर काकवी घेतली आणि फटीपासून पेटीपर्यंत एक बारीक रेघ ओढली. ज्या बाईने सबंध सेक्टरातल्या मुंग्यांचे रस्ते मोडले होते, ती गुडघ्यांवर रांगत, श्वास रोखून, मुंग्यांना रस्ता काढून देत होती. दोन दिवस कुणी आलं नाही. काकू दर तासाला आत जाऊन येत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "अकोला," आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. मी धावत खाली गेले. फटीच्या तोंडाशी एक मुंगी उभी होती, मिश्या हलवत, नव्या बदलीवर आलेल्या कारकुनासारखी. आम्ही दोघी तिच्यासाठी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

काकांना डॉक्टरांनी चांगलं घाबरवलं होतं. रांग दाट झालीच नाही. पावसाळ्यात ती विरळ झाली, दिवाळीला आणखी विरळ. काकू मला रोज जिन्यात बातमी देत, "आज पाच." "आज तीन." आणि एक दिवस, "आता नुसत्या रविवारी येतायत. रविवारी एक खातात. खाऊ दे." काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला पुन्हा एकदा गाठून विचारलं, "कारलं बंदच झालं गं एकदम. तुला काही समजतं का?" मी म्हटलं, काकूंची लहर. या वेळी त्यांना पटलं.

पुढच्या मार्चमध्ये मुलाने गावाकडचं घर दुरुस्त करून दिलं आणि दोघं साताऱ्याला जायला निघाले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. काकूंनी डब्यात शिरताच आधी खाली बघितलं, सीटखाली, खिडकीच्या पत्र्याच्या सांध्यात, आणि शेजारच्या बाईला सांगितलं की तुमच्या टोपलीतल्या पेढ्यांचं झाकण ढिलं आहे. काकांनी काळी पेटी आपल्या हाताने बाकाखाली सरकवली आणि खिडकीशी जाऊन बसले. मी वाकून काकूंच्या पाया पडले तेव्हा माझे डोळे पेटीच्या उंचीवर आले.

नंबराच्या शेवटच्या आकड्यावरून एक मुंगी चालली होती. एकटी. विकास नगरापासून आलेली. मी सवयीने बोट पुढे केलं.

काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता आणि त्यांनी तो लवकर सोडला नाही.

"राहू दे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तिकडच्या सगळ्या नव्या असणार. काम समजावून द्यायला कुणीतरी जुनं बरोबर हवं."